शिल्लक रजेचे एक्केचाळीस दिवस

"आजचा दिवस कुणाचा?" असा प्रश्न सकाळी सकाळी विचारणारा गृहस्थ माझ्या पाहण्यात एकच आला. आपण नमस्कार करावा आणि समोरून नमस्काराऐवजी हा प्रश्न यावा. उत्तरासाठी ते थांबत नसत. "माझा आज संघाचा," एवढे स्वतःच सांगून सायकल पुढे काढीत. रविवारी मात्र खाली उतरत, सायकल झाडाला टेकवीत आणि म्हणत, "आज मी माझा हाय, मुन्शी. बसू का घडीभर?"

मी धाराशिवात कचेरीसमोरच्या लिंबाखाली अर्ज लिहितो. आमच्या भागात अर्ज लिहिणाऱ्याला अजूनही मुन्शी म्हणतात. माझे शिक्षण नववीपर्यंत झालेले असले तरी मसुद्याच्या कामी माझा शब्द प्रमाण मानला जातो, आणि नवे वकीलसुद्धा एखादा शब्द अडला की लिंबाखाली येऊन विचारून जातात. हे गृहस्थ एका सहकारी संघाच्या गोदामात वजनकाट्यावर कारकून होते, म्हणून सारे त्यांना काटेवाले म्हणत. मीही इथे तेच म्हणतो.

काटेवाल्यांचा मला हेवा वाटे. ही गोष्ट मी इतकी वर्षे कोणापाशी बोललो नाही. त्यांचे व्यक्तिचित्र लिहावयाचे आणि ही गोष्ट वगळावयाची, तर ते चित्र कोणा दुसऱ्याच माणसाचे होईल, म्हणून आरंभीच लिहून टाकतो.

हेव्याचे मूळ जुने आहे. काट्यावरची ती जागा निघाली तेव्हा अर्ज करणाऱ्यांत आम्ही दोघेही होतो. माझा अर्ज दोन पानी होता. "महोदयांच्या कृपाछत्राखाली सेवेची संधी लाभल्यास" अशी त्याची सुरुवात होती आणि ती मला आजही तोंडपाठ आहे. काटेवाल्यांनी चार ओळी लिहिल्या होत्या. "मला वजन करता येते. आकडा वाचता येतो. कोणाचे जास्त घेत नाही. कोणाला कमी देत नाही." संघाच्या तेव्हाच्या व्यवस्थापकांनी दोन्ही अर्ज शेजारी ठेवून वाचले आणि जागा त्यांना दिली. मी परत येऊन लिंबाखाली टेबल मांडले. तेव्हापासून त्यांना महिन्याचा पगार, रविवारची सुट्टी आणि वर्षाची रजा मिळू लागली, आणि मला लिंबाची सावली मिळाली. अर्जनवीसाला रजा नसते; कचेरी बंद असली तरी रविवारी खेड्यांतले लोक मसुदे करून घ्यायला येतात. रजा द्यावयास वर कोणीतरी असावे लागते.

काट्यावर ते कसे बसत, ते पाहण्यासारखे होते. पोते चढवण्यापूर्वी काट्याचा पाटा फडक्याने पुसत. पुसून झाल्यावर रिकाम्या काट्याचा आकडा शेतकऱ्याला दाखवीत, "बगा, सुन्ना हाय का?" एकदा येरमाळ्याकडचा एक म्हातारा तुरीची पोती घेऊन आला होता. सहाव्या पोत्याला काटा थोडा पुढेमागे झाला.

"आसू द्या की, किलोभरानं काय व्हतंय," म्हातारा म्हणाला.

"तुमचं काय व्हत न्हाय, बाबा. पर ते माझं न्हाय," काटेवाले म्हणाले, आणि पोते खाली उतरवून पुन्हा चढवायला लावले. मागे ट्रॅक्टरांची रांग लागली होती. लोकांनी शिव्या दिल्या. यांनी मान वर केली नाही.

वेळेचेही तसेच. कामाच्या तासांत कोणी चहाला बोलावले तर ते मान हलवीत, "ह्यो टाइम माझा न्हाय." दुपारी जेवणाच्या अर्ध्या तासात व्यवस्थापकांनी हाक मारली, तरी हातातला घास खाली न ठेवता म्हणत, "साहेब, ह्यो माझा हाय." पहिल्या वर्षी व्यवस्थापक रागावले. पुढे सवय झाली. पुढच्या प्रत्येक नव्या व्यवस्थापकालाही तशीच सवय झाली.

आता रजेविषयी. कचेरीत आणि संघात रजा कशी मिळते, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक नसेल. "प्रकृती अस्वास्थ्यामुळे" हे दोन शब्द मी आयुष्यात किती वेळा लिहिले असतील, याची गणती नाही. लग्नाला जायचे असो, शेतातली खळी करायची असो, की सासुरवाडीला धोंड्याचे जेवण असो, कागदावर ताप येतो, पोट दुखते, आणि अर्ज पाच मिनिटांत मंजूर होतो. व्यवस्थापकालाही ठाऊक असते, अर्जदारालाही ठाऊक असते. तशी रीतच आहे. काटेवाल्यांना ती रीत मान्य नव्हती. ते स्वतः कागद घेऊन लिहीत, "कारण : घरी बसावयाचे आहे." किंवा, "कारण : काही नाही, एक दिवस पाहिजे." असा अर्ज कोण मंजूर करणार? वर लाल शाईत "कारण समाधानकारक नाही" असा शेरा पडून तो परत येई.

"मी लिहून देतो," मी एका रविवारी म्हणालो. "दोन ओळींचं काम आहे. ताप लिहू."

"ताप न्हाय मला."

"अहो, कागदावर."

"कागदावर ताप आणून घेतलेला दिवस मला काय सुखाचा लागंल, मुन्शी? सगळा दिवस कपाळाला हात लावून बगावं लागंल, आला का न्हाय म्हणून."

लिंबाखालचे चार लोक हसले. मीही हसलो, पण आतून मला राग आला. ज्या विद्येवर माझे घर चालते, तिची किंमत या माणसाने एका वाक्यात काढली होती, आणि तीही माझ्याच बाकावर बसून.

अशा रीतीने त्यांची रजा शिल्लक पडत गेली. त्यांतली काही संघाच्या नियमाप्रमाणे दरवर्षी बुडे, काही पुढे जाई. त्यांनी नोकरी सोडायचे ठरवले तेव्हा एक्केचाळीस दिवस शिल्लक होते.

नोकरी सोडण्याचे कारण त्यांचे थोरले बंधू. येरमाळ्याला हमरस्त्यावर या बंधूंचे चहा-फराळाचे हॉटेल आहे. गेल्या साली चैत्रातली येडाई देवीची यात्रा कशीबशी पार पडली आणि आठवड्याच्या आत बंधूंची उजवी बाजू गेली. मूलबाळ नाही. हॉटेल पहाटे चारला उघडते आणि गाड्या थांबतात तोवर चालते, सणवार काही नाही. बंधूंनी निरोप धाडला, "दीड महिना कसाबसा ढकलतो. मग तू ये, न्हायतर विकून टाकतो." वडिलांनी घातलेले हॉटेल होते. काटेवाले जाणार होते, यात शंका नव्हती.

त्या रविवारी ते बाकावर नेहमीपेक्षा जास्त वेळ बसले.

"मुन्शी, एकदा तितं गल्ल्यावर बसलो की मरस्तोवर दिवस हाटेलाचा," ते म्हणाले. "सव्वीस वर्सं संघाचा व्हता. मदी हे एक्केचाळीस हायत बगा. एवढेच माझे हायत. ते तेवढे मला पायजेत."

"रजेचे पैसे मिळत असतील तर—"

"पैसे देत न्हायत, आन दिले तरी नकोत. दिवस पायजेत. तेबी नोकरीत आसताना. राजीनामा देऊन घरी बसलं तर त्याला रिकामा म्हंत्यात. रजंवरच्या माणसाला कुणी रिकामा म्हंत न्हाय."

मग त्यांनी प्रथमच माझ्याकडे अर्ज लिहावयास सांगितला. राजीनामा ही मोठी बाब, तिथे आपली चार ओळींची भाषा पुरणार नाही, असे त्यांना वाटले असावे. सव्वीस वर्षांनी ते माझ्या टेबलासमोर गिऱ्हाईक म्हणून बसले. मी कोरा कागद घेतला. नवे पेन काढले.

"रजा बी लिवा आन राजीनामा बी लिवा," ते म्हणाले. "एकाच कागदावर. आदी रजा मागायची आन राजीनाम्याचं लपवून ठिवायचं, तसलं नको."

इथे माझा धर्म काय होता, तो मी सांगतो. माझ्याकडे आलेल्या अडाण्यातल्या अडाण्याला मी पहिली गोष्ट ही सांगतो की, एका अर्जात दोन विषय घालू नका. कचेरी वरचा विषय वाचते, त्यावर शेरा मारते, खालचा तसाच राहतो. रजेचा अर्ज आधी द्यावा, तो मंजूर होऊन हाती पडावा, मग रजेच्या शेवटच्या तारखेपासून राजीनामा द्यावा. संघाच्या नियमाप्रमाणे राजीनामा मंजूर झाला की शिल्लक रजा बुडाली. हे मी हजारांना फुकट सांगितले आहे. वेगवेगळे दोन अर्ज एकाच दिवशी, रजेचा वर ठेवून, दिले असते तर काहीही न लपवता काम झाले असते. एवढे त्यांना समजावणे दोन मिनिटांचे काम होते.

मी ते सांगितले नाही. मी "विषय" या शब्दापुढे लिहिले, "पदाचा राजीनामा स्वीकारणे व शिल्लक रजा मंजूर करणेबाबत." राजीनामा वर आणि रजा खाली. अक्षर त्या दिवशी फार सुंदर आले होते. त्यांनी वाचले, "लई झ्याक," म्हणाले आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ते सायकल हातात धरून चालत आले. अर्जावर लाल शाईत शेरा होता : "राजीनामा आजपासून मंजूर. सबब रजेचा प्रश्न उद्भवत नाही."

ते बाकावर बसले. आज कोणाचा दिवस, हे त्यांनी विचारले नाही. कागद माझ्यापुढे टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "म्हंजी गेले का हो ते?"

मला वाटले होते, मला बरे वाटेल. हेवा करणाऱ्याला शेवटी काहीतरी मिळावे अशी माझी समजूत होती. तसे झाले नाही. समोरचा माणूस शर्टाच्या टोकाने चष्मा पुसत होता आणि पुसून झाल्यावरही पुसत होता. मी टेबल तसेच टाकून त्यांच्याबरोबर संघात गेलो.

व्यवस्थापक नवे होते, चाळिशीच्या आतले. माणूस वाईट नव्हता. "मी तरी काय करू, मुन्शी?" ते म्हणाले. "वर राजीनामा आहे. मी वरचं मंजूर केलं. तुम्हीच लिहिलंय ना? तुम्हाला माहीत नाही का?" मग त्यांनी काटेवाल्यांकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. "हे बघा, उन्हाळ्यात काट्यावर काम नाही. मला रजा द्यायला अडचण नाही. पण एकदा मारलेला शेरा खोडायला मला कागद लागतो. अर्ज लिहिणाऱ्याची चूक झाली, असं लेखी द्या. दोघांच्या सह्या पाहिजेत."

तिथेच व्हरांड्यात, खिडकीच्या कठड्यावर कागद ठेवून मी लिहिले, "अर्ज लेखकाच्या हातून अनवधानाने विषयांचा क्रम चुकल्याने." माझ्या व्यवसायाला बट्टा लावणारे हे वाक्य मी स्वतःच्या हाताने लिहिले, याचे मला त्या घटकेला मोठेपण वाटले. काटेवाल्यांनी कागद घेतला आणि बोट ठेवून वाचला. बोट एका शब्दावर थांबले.

"अनवधानानं म्हंजी?"

"म्हणजे लक्ष नसताना."

"लक्ष नव्हतं तुमचं?"

"नव्हतं," मी म्हणालो.

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले. "तुमच्या मनाचं तुमाला ठाव. तुमी म्हंता तर खरं," असे म्हणून त्यांनी सही केली. शेरा खोडला गेला. एक्केचाळीस दिवस रजा मंजूर, रजेच्या अखेरच्या दिवसापासून राजीनामा मंजूर.

त्या एक्केचाळीस दिवसांइतके मोठे दिवस मी पाहिले नाहीत. रोज संध्याकाळी ऊन उतरल्यावर ते लिंबाखाली येत आणि त्या दिवसाचे काय केले, ते सांगत. पहिल्या दिवशी एसटी स्टँडवर बाकावर बसून सगळ्या गाड्या पाहिल्या, चढले एकाही गाडीत नाही. कंडक्टर म्हणाला, "कुठं जायचंय काका?" हे म्हणाले, "कुठंच न्हाय. तुमी जावा." एके दिवशी तेरखेड्याला गेले. फटाके कसे करतात ते पाहायचे होते. कारखान्यात कोणी आत घेतले नाही, तर समोरच्या बाभळीखाली दिवसभर बसून फटाक्यांच्या दारूचा वास घेऊन आले, आणि हुंगून पाहा म्हणावे तसे बोट माझ्यापुढे धरून म्हणाले, "आजून येतोय बगा." एकदा भर सकाळी अकराला झोपून पाहिले. "सव्वीस वर्सांत आकरा वाजता डोळा मिटला नव्हता. लई गोड लागती झोप. संघाच्या टायमातली झोप!" त्यांच्या चेहऱ्यावर लहान पोराने आंबा चोरल्यासारखा आनंद होता, आणि मंजूर केलेला असल्यामुळे तो चोरीचाही नव्हता.

मी ऐकत असे. समोर अर्जांचा ढीग असे. मान डोलवीत असे. घरी गेल्यावर जेवण जात नसे.

घरातही तेच. आमची मंडळी एकदा त्यांच्या गल्लीतून आली आणि ताट वाढता वाढता म्हणाली, "अवो, ते काटेवाले आज सकाळी धा वाजता ओट्यावर बसून बायकूसंगं शेंगा फोडीत व्हते. दोगं बी हासत व्हते."

"मग? रजेवर आहेत ते."

"तेच म्हंते. तुमी बसला का आसं कवा? आपल्या लग्नाला तीस वर्सं झाली. दिवसाउजेडी तुमचं तोंड मी फकस्त आजारपणात बगितलं."

"मला रजा कोण देणार?"

"तुमाला कोण आडवलंय?" ती म्हणाली आणि आमटी आणायला आत गेली.

 मी टेबल मांडले नाही तर शेजारचा प्रिंटरवाला माझी गिऱ्हाईके घेईल, हे खरे होते. पण तेवढेच खरे नव्हते. मी लिंबाखाली नसेन तर मी कोण, हे मला सांगता आले नसते. काटेवाल्यांना ते काट्यावरही ठाऊक होते आणि ओट्यावर शेंगा फोडतानाही ठाऊक होते.

चाळिसाव्या दिवशी संध्याकाळी ते आले. सोबत बायकोने केलेल्या शेंगदाण्याच्या पोळ्या, पेपरात गुंडाळलेल्या. माझ्यासाठी.

"उद्याचा शेवटला," ते म्हणाले. "उद्या काईच करायचं न्हाय आसं ठरवलंय. परवा येरमाळा." मग संकोचून म्हणाले, "मुन्शी, तुमी त्या दिवशी सोताची चूक सोताच्या हातानं लिवली. तेवढं कोण करतंय? हे दिवस तुमचे उपकार हायत."

आता या ठिकाणी मी गप्प राहिलो असतो तर सारे नीट झाले असते. पोळ्या घ्यायच्या, हात जोडायचे, बस्स. पण ते समाधान माझ्याने पाहवेना. चाळीस दिवसांत एकदाही त्या चेहऱ्यावर सावली आली नव्हती. ती मला आणता येत होती. मी स्वतःला सांगितले की, माणसाने खरे बोलावे. खरे बोलावेसे वाटण्याचे कारण मात्र खरेपणाचे नव्हते.

"ते अनवधान नव्हतं," मी म्हणालो. "मला ठाऊक होतं. मी मुद्दाम तसं लिहिलं."

त्यांना लगेच कळले नाही. मग कळले.

"का?"

"हेवा," मी म्हणालो. दुसरा शब्द मला सुचला नाही, आणि शब्द सुचण्याबद्दल माझी ख्याती आहे.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपे गेले असते. त्यांनी हाताची बोटे एकेक करून मिटली, उघडली. मग म्हणाले, "म्हंजी त्या कागदावर खोटं व्हतं."

"होय."

"आन सही माझी बी हाय."

"तुम्हाला ठाऊक नव्हतं. तुमचा काही दोष नाही."

"आता ठाव झालं की," ते म्हणाले. "चाळीस गेले ते गेले. ते म्या खरं समजून घेतले. उद्याचा घेता येत न्हाय."

मी विनवण्या सुरू केल्या. एक दिवस राहिला आहे, एका दिवसाने कोणाचे काय बिघडते, घरी बसा, झोपा, शेंगा फोडा. जो दिवस मी स्वतः मोडला होता, तोच त्यांच्या पदरात घालायला मी आता धडपडत होतो.

"उद्याचा दिवस संघाचा न्हाय, हाटेलाचा न्हाय, आन माझाबी न्हाय," ते म्हणाले. "तसल्या दिवसात बसून मी काय करू, मुन्शी?" मग उठता उठता म्हणाले, "तुमी सांगितलं ते बरं केलं. पोळ्या खावा. गार व्हत्याल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेबल न मांडता थेट एसटी स्टँडवर गेलो. ते येरमाळ्याच्या गाडीत खिडकीशी बसले होते, मांडीवर पिशवी, शेजारी त्यांची बायको. मी खिडकीखाली उभा राहिलो. काय बोलावे, ते ठरवून गेलो होतो, चांगला बांधेसूद मजकूर होता. त्यातले काहीच आठवेना. बाईंनी मला ओळखून डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाल्या, "एक दिवस आदीच निगालो बगा. ह्यांचं काय आसतंय कळत न्हाय." त्यांना काही सांगितलेले नव्हते. काटेवाल्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, येतो म्हणावे तशी, आणि गाडी हलली.

मी लिंबाखाली परतलो तेव्हा दोन माणसे कागद घेऊन उभी होती. उद्या या, असे त्यांना सांगण्याचे एकदा ओठांवर आले. सांगितले नाही. एक अख्खा, मंजूर झालेला दिवस बाजूला ठेवून एक माणूस नुकताच माझ्यासमोरून गेला होता, आणि सोडून दिलेल्या त्या दिवसाचाही मला हेवा वाटत होता. सोडून द्यावा म्हटले तर माझ्यापाशी एकही दिवस नव्हता.